महानंदानं वाचलेला उतारा

"कमळ म्हण बरं."

"कमळ."

"छान. आता त्यातला 'क' काढून टाकायचा. उरलं काय ते सांग. 'क' अजिबात म्हणायचा नाही हं!"

माझ्या मुलीनं, शांभवीनं, जरा वेळ पंख्याकडं पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "फूल."

आम्ही सगळे हसलो. माझी आई हसली, मी हसलो, प्रश्न विचारणाऱ्या मेधा तांबवेकरसुद्धा गालातल्या गालात हसल्या आणि हातातल्या कागदावर त्यांनी काहीतरी टिपलं. 'क' म्हणायचा नाही ही अट पोरीनं तंतोतंत पाळली होती. हसली नाही ती फक्त माझी बायको, महानंदा. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून ती मघापासून उभी होती. "चहा ठेवते," म्हणून ती आत गेली. चहा आमचा नुकताच झाला होता. कपसुद्धा अजून तिथंच पडले होते.

ही पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीचे दिवस होते. शांभवी तेव्हा बालवाडीच्या मोठ्या गटात होती. पुण्याची एक संस्था आमच्या बार्शीतल्या काही बालवाड्यांत काम करत होती. मुलं वाचायला शिकतात कशी आणि काही मुलांना ते का जमत नाही, हे त्यांना मूल शाळेत नापास व्हायच्या आधीच बघायचं होतं. त्यासाठी मेधाताई घरोघर जाऊन मुलांशी खेळत. त्या खेळच म्हणायच्या, परीक्षा हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही.

"गाडीसारखा वाजणारा शब्द सांग. साडी की चेंडू?"

"चेंडू."

"का गं?"

"गाडीत चेंडू ठेवता येतो की."

मग त्यांनी अर्थ नसलेले लांबलचक शब्द म्हणून दाखवले आणि तसेच म्हणायला सांगितले. शांभवी अर्ध्यात अडखळायची. मग चित्रांचा तक्ता आला. चेंडू, मासा, छत्री, घर, पुन्हा मासा, पुन्हा छत्री. पटापट नावं सांगायची. छत्रीपाशी आली की पोरगी दर वेळी थांबायची. "ते... पावसातलं..." आमची ही पोरगी दिवसभर तोंड मिटत नव्हती. टीव्हीवरच्या जाहिराती तिला सुरासकट पाठ होत्या. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ती "काका, खोकला गेला का?" म्हणून विचारायची. तिला छत्री म्हणता येत नाही हे मला गमतीचंच वाटलं.

खेळ संपल्यावर मेधाताईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आमच्याकडं वळल्या.

"आता दोन प्रश्न तुम्हाला. घरात कुणाला लहानपणी वाचायला-लिहायला शिकताना त्रास झाला होता का? आई, वडील, काका, मामा?"

"आमच्याकडं?" मी म्हणालो. "अहो, ही हिंगमिरे बाई. अर्ध्या बार्शीला हिनं बाराखडी शिकवली."

आईनं पदर सावरला. पहिलीच्या वर्गावर तिचं सारं आयुष्य गेलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बाजारात टक्कल पडलेली माणसं वाकून तिच्या पाया पडत.

"आणि शांभवीच्या आईंकडं?"

"ती बारावी आहे," मी म्हणालो. "तिच्याकडं घरात कानडी. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव तिचं. तेवढं सोडलं तर काही नाही."

मेधाताईंनी आत, स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं. तिकडून भांड्यांचा आवाज आला. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि कागदावर 'नाही' असं लिहिलं.

महानंदाबद्दल सांगितलं पाहिजे. लग्न झालं तेव्हा माझं मेडिकलचं दुकान नवीन होतं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागं आम्ही. माझी कल्पना अशी की दुपारी मी जेवायला आत आलो की ती गल्ल्यावर बसेल. तिनं सरळ नाही म्हटलं. घरातली कामं ती मरमर करायची. पापड, कुरडया, आईचं दुखणंखुपणं, सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ. फोन नंबर तर तिला विचारावेत. पण दुकानाच्या पायरीवर तिचं पाऊल पडायचं नाही. एकदा मी तापानं फणफणलो होतो तेव्हा आईनं तिला जबरदस्तीनं बसवलं. थोड्या वेळानं शेजारचे लिगाडे अण्णा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले, तर हिनं त्यांना "दुकान बंद आहे" म्हणून परत पाठवलं. उघड्या शटरमध्ये उभी राहून! अण्णा चिडून गावभर सांगत सुटले. आईनं मला ऐकवलं, "जमीनदाराची लेक आणलीस. वाण्यासारखं बसायला तिला लाज वाटते."

मलाही तसंच वाटलं होतं. विचारलं नाही. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की ती माझ्या हातात द्यायची, "काय म्हणतात बघा." मी म्हणायचो, कानडी मुलखातली, मराठी वाचायचा कंटाळा येत असेल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मेधाताई पुन्हा आल्या. सगळ्या मुलांचं बघून झालं होतं.

"शांभवी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं, गोष्ट समजणं, आठवण, सगळं वयापेक्षा पुढं आहे. पण शब्दातले आवाज वेगळे करणं तिला जड जातंय. चित्रांची नावंही पटकन आठवत नाहीत. मोठ्या गटातल्या पुष्कळ मुलांचं असं असतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप सुटतं."

"सुटणारच," आई म्हणाली.

"घरात कुणाला हा त्रास असला तर मात्र आम्ही थांबत नाही. आई किंवा वडील, एकाला जरी असला तरी मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते. अशा मुलांसाठी जूनपासून आम्ही रोज एक छोटा तास घेणार आहोत. चार-पाच मुलं, एक बाई. आवाजांचे खेळ, अक्षरं, मात्रा, सगळं सावकाश. तुमच्याकडं तसं काही नाही, म्हणून शांभवीवर आम्ही नुसतं लक्ष ठेवू. दुसरीत गेल्यावर पुन्हा बघू."

"नाही आलं वाचायला, तर दुसरीत?" महानंदानं विचारलं. ती एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलली.

"तर तेव्हा सुरू करू."

"तोवर तिला कळलेलं असेल."

"काय कळलेलं असेल?"

"आपल्याला येत नाही ते."

मेधाताई तिच्याकडं बघत राहिल्या. पण आईनं मध्येच विषय तोडला. "हे बघा ताई, शिकवायला मी घरात बसलेय ना? माझ्या नातीला वेगळं बसवून शिक्का नको. जूनपर्यंत वाचायला लावते. हवं तर येऊन बघा."

"बघायला नक्की येईन," मेधाताई म्हणाल्या. "तास सुरू व्हायच्या आधी एकदा मला यायचंच आहे."

दुसऱ्या दिवसापासून आईनं शाळा भरवली. सकाळी अंघोळ झाली की सोप्यात चटई, पाटी आणि पहिलीच्या मुलांसाठीचं एक चित्रांचं पुस्तक. आई वाईट शिकवायची असं मी म्हणणार नाही. तिचा आवाज खणखणीत होता, अक्षर मोत्यासारखं आणि चिकाटी दांडगी. पण तिची एक समजूत होती. मूल वाचत नाही म्हणजे मूल मन लावत नाही.

"हे काय?"

"म."

"काल हेच 'भ' होतं का गं? नीट बघ. बघतच नाहीस तू!"

पट्टी असायची. मारायची नाही, चटईवर आपटायची. तेवढ्यानंही पोरगी दचकायची. हळूहळू सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. मी दुकानातून गोळी आणून द्यायचो. दहा वाजता आईची शाळा सुटली की पोट आपलं आपण बरं व्हायचं. मग एकदा ती सापडेना. शोधाशोध झाली. महानंदा तडक माळ्याखालच्या धान्याच्या कोठीमागं गेली आणि तिला घेऊन आली. कुठं असेल हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं.

"मी तिथंच बसले असते," ती म्हणाली.

आणि मग एका सकाळी चमत्कार झाला. शांभवीनं पुस्तक मांडीवर घेतलं, ओळीखाली बोट धरलं आणि धडाधड वाचलं. एक पान, दुसरं पान. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला दुकानातून हाक मारून बोलावलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पोरगी न अडखळता वाचत होती, वर हावभावासकट. मी रस्ता ओलांडून पेढे आणले. लिगाडे अण्णांनाही दिले. त्यानंतर पोट दुखायचं थांबलं. रोज सकाळी वाचन, रोज शाबासकी. महानंदानं पेढा हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. मी म्हटलं, खा की. तिनं तो देवापुढं ठेवून दिला.

मेधाताई आल्या त्या दिवशी भयंकर ऊन होतं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून मीही आत येऊन बसलो. आईनं त्यांना ताक दिलं आणि ग्लास खाली ठेवू दिला न दिला तोच म्हणाली, "शांभवी, पुस्तक आण."

शांभवीनं आणलं. फतकल मारून बसली आणि सुरू झाली.

"नयन घरात आली. तिने भात खाल्ला. मांजर दारात बसले." पान उलटलं. "बाबा बाजारात गेले. त्यांनी पेरू आणले. नयनने पेरू मांजराला दिला. मांजर पळाले!"

'पळाले'ला तिनं हात उडवला. आईनं मेधाताईंकडं पाहिलं. त्या नजरेत सारी नोकरी होती.

"खूप छान," मेधाताई म्हणाल्या. त्या आणखी काही बोलणार होत्या. तेवढ्यात महानंदा आतून आली. तिचे हात पिठाचे होते, ते तिनं पदराला पुसले. ती शांभवीजवळ चटईवर बसली.

"चिमे, आपण एक गंमत करू," तिनं म्हटलं. "तू डोळे मीट."

पोरीनं डोळे मिटले. महानंदानं पुस्तकाची पानं उलटली. मागचं कुठलंतरी पान काढलं आणि वरच्या चित्रावर आपला पंजा झाकून ठेवला. खाली तीन ओळी तेवढ्या उघड्या.

"आता वाच."

शांभवीनं ओळीखाली बोट धरलं. पंजाकडं पाहिलं. मग आईच्या तोंडाकडं.

"नयन घरात आली," ती म्हणाली. "तिने भात खाल्ला. मांजर..."

मी जिथं बसलो होतो तिथून मला पान दिसत होतं. त्या ओळींत नयन नव्हती, भात नव्हता, मांजरही नव्हतं. त्या ओळी एका विहिरीबद्दल होत्या.

शांभवी थांबली. कुणीच शाबास म्हणालं नाही, तेव्हा काहीतरी चुकलंय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. महानंदानं चटकन तिला मांडीवर ओढून घेतलं.

"रडायचं नाही. लई हुशार आहेस तू. आज्जीनं वाचलेलं सगळं कानानं उचललंस ना? चित्र बघितलं की ओळखायचं, कुठलं पान ते. हो की नाही?"

पोरीनं मान हलवली.

आईचा चेहरा उतरला होता. तिचा आवाज मात्र चढला. "हे कळलं होतं तुला? कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आणि पेढे वाटू दिलेस? कसं कळलं तुला, जे मला कळलं नाही? माझा जन्म गेला पहिलीच्या वर्गात!"

"मी पण अशीच वाचायची, आत्याबाई."

सासूला ती आत्याबाईच म्हणायची. तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला वाटलं, लहानपणची एखादी खोडी सांगतेय. पण ती मेधाताईंकडं वळली.

"ताई, तुम्ही संक्रांतीला विचारलं होतं, घरात कुणाला त्रास होता का. लिहा, आईला होता. आहे."

"असं कसं आहे?" मी म्हणालो. "तू बारावी पास आहेस."

तिनं मांडीवरच्या पोरीचे केस मागं सारले.

मेधाताईंनी पिशवी जवळ ओढली. "मला ते नुसतं लिहून चालणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मोठ्या माणसांसाठी एक छोटा उतारा असतो. तो वाचून दाखवावा लागेल. आपण आतल्या खोलीत बसू या का? दोघीच?"

"नको. इथंच बसते. सगळ्यांनी एकदाच ऐकू दे. परत परत सांगायला नको."

मेधाताईंनी एक छापील कागद काढून दिला. शांभवी तिच्या मांडीवरच होती. महानंदानं कागद चटईवर ठेवला आणि ओळीखाली बोट धरलं. मघाशी पोरीनं धरलं होतं तसंच.

"पूर... पूर्वी... आमच्या गा... गावात ए... एकच... वही... विही... विहीर होती. ति... तिथे... सका... संका... सकाळी..."

आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. या बाईचं बोलणं मी रोज ऐकत होतो. भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिच्यापुढं कुणी टिकत नसे. तिच्या गळ्यातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एकेक अक्षर जड धोंडा उचलावा तसं ती उचलत होती. चुकलं की मागं जायची, पुन्हा यायची, पुन्हा चुकायची. जोडाक्षर आलं की मान आणखी खाली जायची. 'स्त्रिया' या शब्दापाशी ती इतका वेळ थांबली की मला तो शब्द ओरडून सांगावासा वाटला. मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती. पोरगी आईच्या तोंडाकडं एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कुतूहल होतं आणि मला वाटतं, थोडा आनंदही.

मी आईकडं पाहिलं. आईचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्द ती आवाज न करता आधीच पुरा करत होती, जन्मभराची सवय. पण तोंडातून चकार शब्द निघाला नाही.

मेधाताईंनी अर्ध्यातच हात पुढं केला. "पुरे. कळलं मला."

"पुरा करते," महानंदा म्हणाली आणि तिनं शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर रस्त्यावरून बर्फाच्या गोळ्याची गाडी घंटी वाजवत गेली. शेवटी आईनंच विचारलं, "बारावी कशी झालीस गं?"

"शाळा मराठीच होती. थोरली बहीण वाचायची, मी ऐकायची. पुस्तकंच्या पुस्तकं ऐकली. दहावीला दोनदा बसले. पेपरात काय लिहिलं ते देवाला ठाऊक, पण बारावीलाही पास व्हायपुरतं झालं. बहिणीचं लग्न ठरलं, आणि माझं शिक्षण संपलं."

"माझ्या वर्गात असतीस तर..." आई म्हणाली आणि थांबली.

"तुमच्या वर्गात असते तर कोठीमागं जाऊन बसले असते, आत्याबाई."

आई उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता भांडण. पण आतून काही आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. तिच्या हातात महानंदासाठी ताकाचा ग्लास होता. तो तिनं चटईवर ठेवला. मग मेधाताईंना म्हणाली, "लिहा नाव. शांभवी राजशेखर हिंगमिरे. तास किती वाजता असतो?"

मेधाताई गेल्यावर मी दुकानात जाऊन बसलो. बसवेना. गोळ्यांची खोकी उगाच या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवत राहिलो. थोड्या वेळानं आतला पडदा सरकला. महानंदा पहिल्यांदाच आपणहून दुकानात आली होती. स्टुलावर न बसता ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"लिगाडे अण्णांना मी परत का पाठवलं, ते सांगायचंय," ती म्हणाली.

"सांग."

"चिठ्ठीवर जे नाव होतं तशी दोन खोकी होती कप्प्यात. पुढं सारखं, मागं सारखं, मधलं एखादं अक्षर वेगळं. मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. दर वेळी वेगळंच दिसायला लागलं. अण्णांना हार्टचा त्रास. म्हटलं, शिव्या दिल्या तरी चालतील, माणूस जगू दे."

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. त्या ताईंनी विचारलं, तर माझं उत्तरही तुम्हीच दिलंत."

ती हे चिडून म्हणाली नव्हती. जे झालं ते सांगत होती, एवढंच. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती पडदा सरकवून आत गेली.

जूनपासून शांभवी त्या तासाला जायला लागली. टाळ्या वाजवून शब्द तोडायचे, सोंगट्या सरकवून आवाज मोजायचे, वाळूत अक्षरं गिरवायची. पहिले काही महिने तर मला त्यात काही शिक्षण दिसलंच नाही. आई रोज तिला सोडायला जायची आणि तासभर बाहेर बाकावर बसायची. पुढं पुढं तिथल्या बाईंनी तिला आत बसू दिलं. ती मागच्या कोपऱ्यात बसायची, गप्प. घरातली पट्टी तिनं कुठं टाकून दिली कुणास ठाऊक, मला पुन्हा दिसली नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. वर्गातली मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागली, शांभवी पुढच्या उन्हाळ्यात. पण लागली. पाठ केलेलं नाही, खरंच. जोडाक्षरांशी तिची आजही झटापट होते आणि शुद्धलेखनाचं तर नाव काढायला नको. दहावीला तिला जास्तीचा वेळ मिळाला, तो कसा मागायचा हे मेधाताईंनीच सांगितलं. आता ती सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा करतेय. नकाशे तिला पुस्तकांपेक्षा सोपे जातात. आपल्याला येत नाही म्हणून ती कधी लपून बसली नाही. घरात जिला येत नव्हतं ती आपली आई आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

महानंदा दुकानात बसायला लागली का, असं लोक विचारतात. नाही. "तिथं चूक परवडत नाही," ती म्हणते. मीही दुपारी दुकान सरळ बंद ठेवतो.

आई आणि तिच्यात त्या दुपारबद्दल पुन्हा बोलणं झाल्याचं मला माहीत नाही. पण त्या पावसाळ्यापासून आईनं एक नवीनच रीत सुरू केली. सकाळचं वर्तमानपत्र ती सोप्यात वाचायची सोडून स्वयंपाकघरात नेऊन वाचायला लागली, मोठ्यानं. कुणाला म्हणून नाही, आपलं आपल्यालाच. नगरपालिकेची भानगड, सोन्याचा भाव, कोण वारलं, कुणाचा सत्कार. महानंदा भाकरी थापत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "मग पुढं काय केलं त्या आमदारानं?" आई चष्मा वर सरकवून पुढचं वाचायची. पुढं बरीच वर्षं आमच्या घरची सकाळ अशी झाली.

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली. डोळ्यांना ताण नको, वाचन बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्यात घालायचं औषध घेऊन मी सकाळी आत गेलो, तर आई पलंगावर काळा चष्मा लावून उशीला टेकून बसली होती. महानंदा पायाशी बसली होती, मांडीवर पेपर पसरून, ओळीखाली बोट.

"उद्या... शह... शहरात पाणी... पुर... पुरव..."

ती थांबली. मागं गेली. पुन्हा आली. मी दारातच उभा राहिलो. तो शब्द मला माहीत होता, आईलाही माहीत होता. आईचे ओठ मिटलेले होते.

"पुरवठा," महानंदा म्हणाली. मग मान वर न करता पुटपुटली, "लई वेळ लागतोय, आत्याबाई."

"लागू दे," आई म्हणाली. "मला कुठं गाडी पकडायचीय?"